उगमस्थान

इरासी,
तुझं पाकीट ओपुवोच्या पोस्टात पाच आठवडे पडून होतं.
आत लोकरी मोज्यात गुंडाळलेला दगड,
आणि चिठ्ठीत एकच ओळ :
‘याचं घर सापडतं का बघ.’

ना ख्यालीखुशाली, ना तुझ्या गुडघ्याची बातमी.
मागच्या पत्रात मात्र चार पानं भांडलीस,
माझी दरी नदीनं कोरली म्हणून.
बरं, नदी तर नदी.
पण नदी अशी सरळ रेघ ओढत नाही गं,
तिला वळायची खोड असते.

मंगळवारी दुपारी खडकावर तळवा टेकला
तर पोळला.
ऊन थेट डोक्यावर, ओरखडे दिसेनात.
वाहिकुरा शेळ्या घेऊन आला होता,
त्यानं आपल्या कॅनमधलं पाणी ओतलं,
मी नको नको म्हणेपर्यंत अर्धा कॅन.
आणि रेघा वर आल्या,
आंघोळीनंतर जुना व्रण लालसर व्हावा तशा.
होकायंत्र लावलं : दोनशे ब्याऐंशी अंश.
पुन्हा लावलं. ब्याऐंशीच.

‘कुणी ओढल्या?’
बर्फानं, म्हटलं. या डोंगराएवढ्या.
तो हसला नाही.
बर्फ त्यानं पाहिलाय, पेट्रोल पंपावरच्या फ्रीजमध्ये,
बियरच्या बाटल्यांभोवती.
शेळ्या मोजत म्हणाला,
‘मग गेला कुठं?’

मी पश्चिमेकडे हात केला.
तिकडे धुकं, धुक्यामागं समुद्र,
समुद्रामागं तू,
रबरी बूट घालून
चिखलदगडाची पानं उलटणारी.
‘मैत्रिणीकडे’, म्हटलं.
त्याला ते पटलं.
तुला माझं कुठलंच वाक्य
इतक्या लवकर पटलेलं नाही.

आता दगडाचं.
तुझ्या चिखलात तो वरून पडला,
तरंगत्या हिमखंडाच्या पोटातून सुटून,
हे तर तूच दाखवलंस : खालचे थर दबलेले,
वरचे अलगद अंगावर ओढलेले.
त्याला खिशात घालून तीन दऱ्या हिंडले.
चौथीच्या तोंडाशी गुलाबी ग्रॅनाइट,
तेच मोठाले फेल्डस्पार, त्याच काळ्या टिकल्या.
छातीठोक काही म्हणत नाही.
झिरकॉनची वयं येऊ देत, मग भांडू.

पण त्या रात्री मुक्काम तिथंच होता,
आणि मी तो मोज्यातून काढून
कड्याच्या एका खोबणीत ठेवला.
नमुन्यांशी असं वागू नये, ठाऊक आहे मला.
तीस कोटी वर्षांनी एक रात्र.
काही घडलं नाही.
एक पाल आली, त्यावर बसली,
दिवसाची ऊब संपेतो.

सकाळी क्रमांक घातला, वर्तमानपत्रात गुंडाळला.
पोस्टातल्या बाईनं फॉर्म पुढं सरकवला.
वस्तू : दगड.
किंमत : शून्य.
उगमस्थान :
तिथं माझं पेन अडलं.
मागं रांग, कुणाचं तरी बाळ रडत होतं,
आणि मी उभी,
ज्या दिवशी मधे समुद्रच नव्हता
त्या दिवसाचा देश आठवत.
शेवटी तिनंच फॉर्म ओढून घेतला,
पाकिटावरचा तुझा पत्ता वाचला
आणि लिहून टाकलं :
ब्राझील.

मोजा मी ठेवून घेतलाय.
इथल्या रात्री गार असतात.
दुसरा पाठव.

उआतांगा