धडा आठवा

कन्ना चौकात, चादरीच्या दुकानावरच्या खोलीत
हिरेमठ सरांनी झेरॉक्स वाटली:
विज्ञान आणि श्रद्धा, चर्चेसाठी उपयुक्त वाक्ये.
वरच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची सावली,
तीही छापून आलेली.

जोड्यांसाठी चिठ्ठ्या काढल्या.
सिव्हिलच्या लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या रंगवणाऱ्या
नसरीन बागवानला आली श्रद्धा.
मी नववीत दप्तर ठेवलं नि बिडीचं सूप मांडीवर घेतलं.
मला विज्ञान.

‘व्हॉट इज युअर एव्हिडन्स?’
माझा आवाज कारखान्यातल्या चेकरसारखा निघाला.
नसरीनने कागदात पाहिलं.
‘सम थिंग्ज यू टेक ऑन फेथ.’
मग हळूच, मराठीत:
जसं की, क्लास सुटल्यावर रिक्षा मिळेल.

बेनिफिट ऑफ द डाउट. संशयाचा फायदा.
वहीत उतरवलं आणि पेन अडलं.
आईच्या हजार बिड्यांतून
चेकर मूठभर उचलतो, नखाने दाबून बघतो,
छाट म्हणून बाजूला सारतो.
संशय असतोच. फायदाही असतो.
तो कुणाला, तेवढं वाक्यात नाही.

द ज्युरी इज स्टिल आऊट.
मागच्या बाकावरून बसवराजने विचारलं,
सर, बाहेर कुठं गेली? च्याला?
सरांच्या कपाळावरचं भस्मसुद्धा हसलं.
म्हणाले, अजून निकाल लागलेला नाही, एवढाच अर्थ.
बसवराजने ‘च्याला’ खोडलं, ‘निकाल’ लिहिलं.

बिलीव्ह आणि बिलीव्ह इन.
इन विसरू नका, मिस गुंडेटी, इनने अर्थ बदलतो.
बातमीला नुसतं बिलीव्ह,
देवाला इन.

रात्री आईला सांगितलं.
पानावर पत्र्याचा फर्मा, कात्री चालूच.
‘नम्मकम,’ ती म्हणाली.
दोन्हीला?
दोन्हीला.
तेलुगूत देवासाठी वेगळं दार नाही.
मग खोकली. बराच वेळ खोकली.
कात्री तेवढी थांबली.

पुढच्या मंगळवारी मी क्लासला गेले नाही.
सिव्हिलच्या खिडकीपाशी डबी घेऊन उभी राहिले,
खिडकीच्या आत नसरीन, तोंडाला मास्क,
डोळ्यांवरून ओळखली.
आईचं नाव तिने दोनदा वाचलं.
काचपट्टीत काही दिसलं नाही, पण कल्चर लावू, म्हणाली.

कल्चर म्हणजे संस्कृती, धडा पाचवा.
आमच्याकडे नाही, ती म्हणाली.
आमच्याकडे कल्चर म्हणजे
जंतूंना ऊब द्यायची, खायला द्यायचं
आणि वाट बघायची, ते असतील तर वाढतील.
किती दिवस?
बेचाळीस.

एवढ्यात आईने सिद्धेश्वराला नारळ बोलून ठेवलाय.
शेजारच्या मेहबूबबींनी दर्ग्यातला दोरा आणून दिला,
तो तिने मनगटात बांधला, डाव्या,
उजव्यात कात्री असते म्हणून.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारते.
आमच्या घरात कोण विज्ञान, कोण श्रद्धा,
चिठ्ठी टाकून बघायला हवं.

अठराव्या दिवशी मी नसरीनला गाठलं.
झेरॉक्समधलं एकही वाक्य उपयोगी पडेना.
‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणणार होते,
तोंडातून आलं, काय वाटतं गं तुला?
तिने मास्क हनुवटीवर ओढला.
‘नाही माहीत. अजून नाही.’
दोन्ही बाजूंच्या यादीत मी शोधलं,
हे वाक्य सरांनी दिलेलंच नाही.
मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं.

आज एकतिसावा.
लॅबबाहेरच्या बाकावर आम्ही पाच-सहा जण.
एका म्हातारबाबांनी शेंगाचटणीची पुडी सोडली,
अर्धी कडक भाकरी माझ्यापुढे केली.
आतून यंत्राची घरघर येते, बारीक.
आई भाकरी मोडून घेते, विचारते,
तुझी ती इंग्रजीतली बाई, बाहेर गेलेली, आली का परत?

नाही, मी म्हणते. सरक थोडी.
इथंच बसलीय.