दोन पावलं पुढे

शनिवारी गंगापूर धरणाच्या काठावर
आम्ही चौघं वाजवतो, जेवणाऱ्या लोकांसाठी.
गाण्यात मधे एक कडवं माझं असतं, शब्दांशिवायचं,
आणि नेमकं तेच कुणाला ऐकू येत नाही.
प्राजक्तचा हात सहाही तारांवरून सपासप फिरतो,
ओवेस काहोनच्या खोक्यावर बसून
ते थडथडा बडवतो,
आणि माझे सूर ताटातल्या मिठासारखे
कोपऱ्यात, आहेत म्हणून आहेत.

म्हणून अंबडची पहिली पाळी सुटल्यावर,
हाताला कूलंटचा वास तसाच,
मी मेन रोडच्या मागे मुर्तझाभाईंच्या दुकानात.
पाठीवर गिटार. पर्समध्ये दिवाळीचा बोनस, उरलेला.

"आवाज मोठा करायचाय की पुढे आणायचाय?"
त्यांनी विचारलं, पेटीवरची धूळ फडक्याने झटकत.
मला तर दोन्ही एकच वाटत होतं.

आधी ओव्हरड्राइव्ह.
लाकडाच्या पोटात गांधीलमाशी कोंडल्यासारखं झालं.
काढा, म्हटलं.
मग कॉम्प्रेसर. त्याने लहानमोठे सगळे सूर
शाळेच्या फोटोसारखे एका उंचीत बसवले.
छान दिसत होते. ओळखू कुणी येईना.
डिले प्रत्येक गोष्ट तीनदा सांगत होता,
दोनदा तर मी विचारलंही नव्हतं.
मग साधा बूस्ट. एक बटण, एक खुंटी.
"ह्यात भेसळ नाही," मुर्तझाभाई म्हणाले.
मी खुंटी पिळली, जरा जास्तच,
आणि गिटार आपणहून घुमायला लागली,
भिंतीवरचे डफसुद्धा थरथरले.
घाईने तारांवर तळवा ठेवला,
झोपेत बरळणाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा.

कारखान्यात मी बेअरिंगच्या कडा मोजते.
दहा मायक्रॉन इकडेतिकडे, की माल परत.
इथे कशाने मोजायचं?

तेव्हा बाबा आठवले.
देवळाली कॅम्पच्या बँडमध्ये क्लॅरनेट,
लाल कोट, खांद्यावरची झालर एका बाजूने उसवलेली.
पंधरा माणसं, चार ढोल, दोन ट्रंपेट,
आणि बटण कुठलंच नाही.
त्यांचा तुकडा आला की
ते रांगेतून दोन पावलं पुढे यायचे.
बस. दोनच.
फुंक तीच, पण नवरदेवाची घोडी कान टवकारायची.
तुकडा संपला की उलट्या पावलांनी
आपल्या जागेवर,
मागच्याच्या बुटावर पाय न देता.

यातलं मी काही बोलले नाही.
"पुढे आणायचाय," एवढंच म्हटलं.
त्यांनी कपाटातून ईक्यू काढला,
सात पट्ट्यांचा, सेकंडहँड, एका पट्टीची टोपी गेलेली.
"खालचं उतरवा, तिथे तुमचा खोकेवाला बसलाय.
मधलं उचला. एवढं नाही हो! हां.
आता एकूण आवाज, चिमूटभर."
सूर आला.
मोठा नाही. जवळ.
घासाघीस केली ती निव्वळ सवयीने.

शनिवारी धरणावरून गार वारा सुटला होता,
तारा दर गाण्याला उतरत होत्या.
माझं कडवं आलं. पायाने दाबलं. लाल दिवा.
चार नंबरच्या टेबलावर एका काकांचा
घास हातातच राहिला,
एवढं मी पाहिलं,
आणि तेवढ्यानेच हुरळून
दिवा बंद करायचा विसरले.

दामिनीने पुढची ओळ उचलली
आणि माझी साधी साथ तिच्या शब्दांना तुडवत निघाली.
तिने मान वळवून पाहिलं. रागाने नाही,
रांगेत परत न आलेल्या माणसाकडे पाहतात, तसं.
मी वाजवता वाजवता
अंधारात पायाने बटण चाचपत राहिले.