चौथ्या खाचेत

सावलीच्या दवाखान्यात मागची खोली,
पूर्वी इथं सलाईनची खोकी ठेवत.
द्रावणाच्या दोन कुंड्या, वर पुलासारखी पांढरी पट्टी,
या टोकाला काळी तार, त्या टोकाला लाल.
काळीच्या बाजूनं आठ ठिपके रक्ताचे,
अंबाडीच्या फुलातल्या गर्द डागासारखे.

मग बटन.
आणि मग काहीच नाही.
बांधीत पाणी सोडून धुऱ्यावर बसावं
तसं बसायचं, चाळीस मिनिटं.

ज्याच्या अंगावर ऋण जास्त
तो धनाकडे लवकर पोचतो.
अकरावीत हा हिशेब मला उलटा वाटायचा.
सहाव्या जागेवरचा एक मणी बदलला की
दोन ऋणं कमी होतात रेणूवरची,
तेवढ्यानं तो मागे पडतो,
नखभर.
त्या नखभरात माणसाची हाडं रात्री ठणकतात.

ताराबाई कुळमेथे दारातच उभी:
"रगत तं साऱ्याइचं लालच दिसते जी."
हो, म्हटलं, दिसतं.
तिचा इंद्रपाल बाहेर चिंचेखाली,
नऊ वर्षांचा, डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून.

बाविसाव्या मिनिटाला लाईट गेली.
पंखा थांबला त्याचं काही नाही,
पण पट्टीवरचे धावणारे थांबले
आणि थांबले की ते पसरतात,
ओल्या कागदावर शाई फुटावी तसे,
कोण पुढचा कोण मागचा, सगळं एक.
टाकून दिली. नवीन भिजवली.
व्याहाडची गाडी साडेचारची.
"गेली तं गेली," ताराबाई म्हणाली,
आणि पदरानं पोराला वारा घालायला गेली.

दुसऱ्या खेपेला वीज टिकली.
लाल रंगात बुडवली पट्टी, मग आंबट पाण्यात
एकदा, दोनदा, तीनदा,
तोवर पांढरं पांढरं होत गेलं
आणि रेघा उरल्या.

पहिली, दुसरी, तिसरी: एकेक रेघ, पुढे.
सहावी इंद्रपालची.
तीही एकच,
मागे.

ताराबाईनं काचेवर बोट ठेवलं, सहावीवर नाही,
चौथीवर.
"इथं दोन हायेत. हे कोनाचं?"

तुलनेला ओळखीचं रक्त लागतं.
नागपूरहून येणारी कुपी चैत्रात संपली,
तेव्हापासून दर खेपेला मी माझंच घालते:
एक रेघ आईकडची, एक बापाकडची,
रोज त्याच दोन जागी येऊन थांबतात.

"माझं," म्हटलं.

ती बघत राहिली. माझ्याकडे, मग पट्टीकडे.
"मंग तुमी बी अर्ध्या आमच्यातल्याच."

मी रजिस्टर ओढलं.
कुळमेथे, इंद्रपाल. वय नऊ.
पुढच्या रकान्यात पेन जरा अडलं.
बाहेर गाडीचा हॉर्न वाजला,
उशिरानं आलेली, अजून उभी होती.