वहीतला पक्षी

सकाळी सातला मी नळी उघडतो.
आधी पाईन, मग मेपल, मग तो वाकडा जुनिपर,
ज्याचं अर्धं खोड मेलंय, हाडासारखं पांढरं,
आणि उरलेल्या अर्ध्यानं संसार चालवलाय.
आधी मी कचऱ्याच्या गाडीवर होतो.
गुडघा गेला, तसं नगरपालिकेनं इकडे धाडलं:
जा जुरांदिर, छोटी झाडं सांभाळ.
छोटी!
एवढा हट्ट मी पारानातल्या खेचरांतही पाहिला नाही.

रविवारी गर्दी. "खरी आहेत का?" विचारतात
आणि बोट लावून बघतात,
नेमकं 'हात लावू नये' या पाटीखालीच.
कुणी म्हणतं, बिचारी, वाढूच दिलं नाही.
कुणी काहीच म्हणत नाही,
उकिडवं बसतं, कुंडीच्या काठाला डोळा लावतं,
आणि उठायचं विसरतं.
अशांसाठी मी फाटक दहा मिनिटं उशिरा लावतो.

दोना ओलिंदा काशिवागी दर गुरुवारी येते,
परतीचं तिकीट मुठीत धरून,
सरळ शेवटच्या फळीकडे.
तिच्या नवऱ्यानं घडवलेली जाबुतिकाबा,
हातभर उंच.
पाटीवर आडनावातलं एक अक्षर गिळलंय;
तिनं दोन अर्ज दिलेत.
खालच्या फांदीवर तारेचे वळ आहेत, खोल.
"त्या वर्षी आमचं बोलणं बंद होतं," ती म्हणाली,
"तार सोडायची राहून गेली."

पानं बारीक होतात. फांद्या ऐकतात.
फळ ऐकत नाही.
थेट खोडालाच येतं, काळंभोर, टपोरं,
रानातल्या थोरल्या झाडाला येतं
तेवढंच मोठं,
जणू तू लहान आहेस
असं कुणी त्याला कळवलंच नाही.

यंदा सात आली.
वहीत लिहिलं: सात.
गुरुवारी ती आली तेव्हा
मी पाठ करून नळीचा पीळ सोडवत बसलो,
बराच वेळ.
पीळ तसा फारसा नव्हता.

ती गेल्यावर मोजली. सहा.
वहीत लिहिलं: पक्षी.

वर जाळी आहे, बारीक विणीची.
साहेबांनीच बसवून घेतलीय,
आणि साहेब वही वाचतात.
शुक्रवारी बोलावलं. चष्मा पुसला.
म्हणाले, त्या काशिवागींचं आडनाव
एकदा नीट कागदावर लिहून दे,
पाटी नवी करू.

मी लिहून दिलं.
दोनदा तपासलं.