तेल कुठलं होतं

सोहारच्या मंडळात संक्रांतीला
तिळगूळ वाटून झाला की माइक माझ्याकडे येतो.
गेली अकरा वर्षं येतो, कारण मी हसवतो
आणि हॉल दहाला रिकामा करायचा असतो.
मी देवबागचा. माझ्या फ्रीजरमध्ये
बर्फाला जागा नसते, सुरमईला असते.

यंदा मी भूपाल मगदूमला घेतलं.
समडोळीचा जैन, बंदरात क्रेनचा हिशेब बघतो,
कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही,
दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही.
म्हटलं, हा चुकून नरकात गेला
आणि यमदूतांनी कढईच्या काठावर उभा केला,
तर आत वाकून विचारेल,
'या तेलात आधी काय तळलं होतं?'

हॉल हसला. मागची पोरं
मोठ्यांना हसताना बघून हसली.
पहिल्या रांगेत पोंक्षेबाई हसल्या नाहीत.

रात्री साडेअकराला त्यांचा फोन. भावना दुखावल्या.
कोळंबीवर असा विनोद कराल का?
(केलाय. कोळंबीने फोन केला नव्हता.)
चिटणीस म्हणाले, लेखी माफी द्या,
दोनच ओळी, फायलीला लावून टाकू.
शिंत्रे म्हणाले, माफी दिलीत तर मी मंडळ सोडतो.
शिंत्रे शाकाहारी. अंडं खातात, पण उभ्याने.
मगदूमच्या वतीने सर्वांत जास्त चिडले
ते मटणाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारे.

मगदूमला कुणी विचारलंच नाही.
चौथ्या दिवशी तो क्रेनखाली भेटला,
हेल्मेट काढलं, घाम पुसला,
'सगळं बराबर हाय गा. पर
शेवटी सांगितलं का न्हाई त्यांनी?
त्याल कुठलं हुतं?'

मग रमजान आला.
दिवसा उघड्यावर कुणी खायचं नाही,
आणि याला तर दिवसाच खायला हवं.
पावणेसहाला पोर्टा-केबिनचा पडदा ओढून
मगदूम भाकरी मोडायचा,
बिनलसणाची शेंगाची चटणी, वाटीभर मटकी.
आणि दाराशी पहारा द्यायला मी,
खिशात मच्छीच्या दुकानाची पावती.
सव्वासहाला तोंड पुसून तो बाहेर,
आणि पलीकडे खमीस बलुशी चटई अंथरत असायचा.

एका संध्याकाळी खमीसने आम्हाला बसवलंच.
मगदूम बसला, पोट भरलेला,
समोर खजुराची परात.
हाताला काम हवं म्हणून असेल,
एकेक खजूर उकलायचा,
बी काढायचा, आतून उजेडाकडे धरायचा,
कीड नाही ना बघायचा, आणि ताटात ठेवायचा.
कुणी सांगितलं नव्हतं. घरची सवय.
खमीस बघत राहिला.
म्हणाला, चौदा वर्षं या बंदरावर रोजे सोडतोय,
माझा खजूर आजवर कुणी तपासला नव्हता.

बांग झाली. पाण्याचा ग्लास पुढे आला.
मगदूमने हात हलवला, आकाशाकडे बोट केलं,
दोन वर्षांत जमवलेल्या अरबीत म्हणाला,
'शम्स खलास, अना खलास.'
खमीसने खजूर तोंडाशी नेला, थांबला,
'शम्स खलास, अना बिस्मिल्ला!'
आणि दोघं असे हसले
की खमीसला ठसका लागला,
पाठ थोपटायला मगदूम उठला,
क्रेनवरचा नेपाळी वरून विचारतोय, काय झालं, काय झालं.

मी मंडळाचा अकरा वर्षांचा विनोदवीर.
मला नाही हो सुचलं हे.
मी तेव्हा भजी खात होतो.

घरी येऊन चिटणिसांचा कागद काढला.
दोन ओळी लिहिल्या, तारीख टाकली, सही केली.
मग सहीखाली, जागा उरली होती म्हणून:
श्री. मगदूम यांच्या माहितीसाठी.
चौकशी केली.
तेल सूर्यफुलाचं होतं.