बेचाळीस नट

गंज तळात नव्हता.
टॉर्च मारून पाहिलं तर खालचा पत्रा काळसर, चिकट, पण शाबूत,
आणि वरच्या अंगाला, जेवढं रिकामं राहिलं होतं तेवढं सगळं
लाल खवल्यांनी भरलेलं.
कुणी आतून रेघ मारून दिल्यासारखं.

साडेतीन हजारांना घेतली मी ही राजदूत, दामजी वळवींकडून.
लस टोचायला हिंडले ते तीस वर्षं,
मागे बर्फाची पेटी, पुढे धडगावचा घाट.
डोळे आधी मोतीबिंदूने गेले, उरलेले ऑपरेशनने.
गाडी विकली, तरी रोज दहाला येतात
काठीने माझं फाटक शोधत
आणि टाकीजवळ बसतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बाटल्या विसळल्या मी,
आम्ल माझं ऐकतं.
पण आधी नट. मोजून त्रेचाळीस
आत टाकले, भोकांना बुचं मारली,
गोधडीत गुंडाळून टाकी मांडीवर घेतली
आणि हलवत बसले,
न निजणाऱ्या पोराला हलवावं तशी.
शेजारच्या पथारीवर मिरच्या उलटणाऱ्या बाया थांबल्या.
"काय करी ऱ्हायनी वं बहीन?"
वारा तिकडून आला की मला शिंका,
शिंकेसरशी नटांची एक जादा फेरी.
दामजी म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात जात नाहीयेत. तिरकी धर."

ओतले. बाहेर आले बेचाळीस.
पुन्हा मोजले.
बेचाळीस.

मग आम्ल, एक रात्र. मग सोड्याचं पाणी.
पहिलं निघालं विटकरीच्या रंगाचं, दुसरं चहाच्या,
पाचवं नुसतं पाणी.
हात जात नाही म्हणून बोट घातलं:
पत्रा. थंड, करडा, खरा.
मी एवढी खूश की कुणाला तरी फोन करणार होते,
तर उजवा गुडघा टेकतो त्या जागी
एक थेंब.
पुसला.
पुन्हा थेंब.

"शिवणीपासून चार बोटं ना?"
दामजींनी चाचपडलंही नाही, नेमकं बोट ठेवलं.
"दगड उडालेला. तोरणमाळच्या उतारावर, शहाऐंशी साली.
पेटीतला बर्फ वितळत होता, थांबतो कुठे?
कपड्याचा साबण चोळला आणि निघालो.
त्यानंतर अर्ध्याच्या वर कधी भरली नाही.
दौऱ्याला पुरायची नाही, तर डबा बांधायचो पेटीला."

म्हणजे भोकापायी ती अर्धी राहिली,
अर्धी राहिली म्हणून वर गंज चढला,
आणि त्या गंजानेच कधीतरी भोक बुजवलं.
ते मी चार दिवस खपून
उघडं केलं.

दामजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"साबण आहे का घरात?"

इद्रिस मिस्त्रीने टाकी पाण्याने गच्च भरली.
"आत वास उरला असेल ताई, तर आपण दोघं
शहाद्याच्या बाजारात सापडू."
मग भोकावर पितळ वितळवलं.
हळदीचं बोट टेकवावं एवढा पिवळा डाग.
त्याच्यावर रंग मारू नको, म्हटलं मी.

पंपावर दामजीच बोलले: "फुल्ल."
पोराने ऑइल मिसळून गळ्याशी येईतो ओतलं.
मागच्या सीटवर ते कधी बसलेले नव्हते,
हात कुठे ठेवावेत कळेना,
शेवटी मागे नेऊन
पेटीच्या कड्या धरल्या.

धडगावला जाताना आत काही वाजलं नाही.
परतीला, प्रकाशाच्या पुलावर, खाली तापी,
समोर उसाची बैलगाडी आली, मी ब्रेक दाबला
आणि माझ्या गुडघ्यांमध्ये काहीतरी
टणकन घरंगळलं.

मागून, अगदी कानाशी:
"त्रेचाळीसावा."
आणि पूल संपल्यावर,
"अर्ध्यावर आली. भरून घे."