दळणाचा डबा

हातात काही असलं की कोणी विचारत नाही.
विळा, कॅन, दळणाचा डबा,
अगदी नुसती दोरी, म्हणजे बकरी सुटली असेल.
रिकाम्या हातानं पांदणीला लागलं
की पारावरून येतंच, "कुठी चालली वं?"
कुठीच नाही,
हे उत्तर आमच्या गावात अजून उगवलेलं नाही.

म्हणून मी डबा घेते. रिकामा.
गिरणी डावीकडं, मी उजवीकडं.
एकोणीस वर्षांत झाकण सैल झालंय,
पावलागणिक वाजतं,
त्याच्याच ठेक्यावर ओळी तुटतात माझ्या.

घरात बसून पाहिलं नाही असं नाही.
वाक्य क्रियापदाला पोचायच्या आत
दूध उतू जायचं.
नवऱ्यानं स्कूटी घेऊन दिली, प्रेमानंच.
वर्षभर मी सगळीकडं वेळेवर पोचले
आणि एक ओळ लिहिली नाही.

पायदळ निघालं की
खडश्यांच्या धुऱ्यापर्यंत नुसता राग असतो.
डीपीजवळ त्याला नाव सापडतं.
रपट्यावर टेकते,
पोलक्यात खोचलेली पेन्सिल काढते,
झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर
दोन ओळी. कधी एक.
कधी खोडलेला एकच शब्द घेऊन परत.

खऱ्या दळणाच्या दिवशी
एकदा कागद काढायचा विसरले.
गिरणीवाल्या वसंतानं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.
वाचला असेल,
किंवा सुटे नसतील.

परवा, पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालेलं,
समोरून पंचफुला आली. हातात विळा.
धुऱ्यावर गवताची काडी नाही या दिवसांत,
आणि विळ्याला गंज, पार मुठीपर्यंत.
ती माझ्या डब्याकडं बघत राहिली.
"गिरणी त तिकडं हाय ना वं?"
"हो. अन् गवत?"
ती हसली नाही. मीही नाही.
वाट अरुंद होती, दोघी जरा तिरक्या झालो,
तिचा घामेजला दंड माझ्या दंडाला लागला.

शाळा तिसरीपर्यंत झालेली तिची,
सही करते, पण अंगठा बरा म्हणते.
रपट्यापाशी मी वळून पाहिलं.
पाठमोरी चालली होती,
विळ्याचा हात हवेत काहीतरी मोजत होता.
मध्येच थांबली,
एक शब्द बदलायला लागेल
तेवढाच वेळ,
मग पुढं.